पाहुणा बसेल एवढा तंबू

बाबा, पौषातल्या एका सकाळी पूजा आटोपून मी आपल्या अंगणात, तुळशीच्या बाजूला, एक तंबू उभा केला, धोतर सावरून रांगत आत शिरलो आणि आडवा झालो. डोकं पार टोकाला टेकलं तरी पाय घोट्यापासून बाहेरच राहिले. तसाच पडून वर बघत राहिलो. हिरव्या कापडातून ऊन गाळून आत येत होतं आणि बरं वाटत होतं, हे नाकारत नाही. तेवढ्यात एक कोंबडी माझ्या अंगठ्याला टोचे मारू लागली, आणि पाठोपाठ तुमच्या सुनेचा आवाज आला, "अहो, तुम्ही तंबूत गेलायत की तंबू अंगात घातलाय? बाहेरून काही कळत नाही." तिच्या हातात सारवायचं शेण होतं आणि मी नेमका सारवायच्या जागी पसरलो होतो. मी आतूनच म्हणालो, "हलका आहे. थर्माससोबत एका पिशवीत मावतो." ती म्हणाली, "मावेल हो. पण तुमचे ते काका आले तर बसणार कुठे? तुमच्या पोटावर?" मी पाय आत ओढून घेतले, तर डोकं बाहेर आलं. मग तीही हसायला लागली आणि मीही. तुम्ही असतात तर पडवीत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसला असतात, म्हणून हे तुम्हाला लिहायला घेतलं.

काका कोण, ते पुढे सांगतो. आधी हे सांगायला हवं की पन्नाशीला टेकलेला, मुलगी सासरी आणि मुलगा वलसाडला रेल्वेत असलेला माणूस अंगणात तंबू कशाला मांडतो. माझी नोकरी तुम्हाला ठाऊक होती. अजून तीच आहे, पाड्यापाड्यावर जाऊन गुरांना बुळकांड्याची लस टोचायची. गुरं उजाडताच रानात सुटतात, आणि एकदा डोंगराला लागली की कुणाच्या हाती येत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत पाड्यावर पोचायचं, लशीच्या थर्मासातला बर्फ देवाचं नाव घेऊन जपायचा, आणि झुंजूमुंजू झालं की गोठ्यांच्या तोंडाशी उभं राहायचं. म्हणजे मुक्काम आलाच. तुमच्या वेळी मी हे सगळं पायी करायचो. आता माझ्याकडे मोटारसायकल आहे. चिखल्याच्या वाटेवर चिकूची वाडी असलेल्या इराणी शेठांची ती जुनी गाडी. त्यांचे गुडघे गेल्यावर त्यांनी ती मला दिली. ते तिला 'मारी डोशी', म्हणजे माझी म्हातारी, म्हणायचे, म्हणून मीही डोशीच म्हणतो. रस्ता असेल तिथवर डोशी, आणि ती थकली की पुढे पाय. तेव्हा मला असा तंबू हवा होता जो आधी डोशीच्या पाठीवर बसेल आणि नंतर माझ्या.

तंबू म्हटलं की मला तुमचा उजवा खांदा आठवतो. त्यावर एक घट्टा होता, बैलाच्या मानेवर जुवाचा असतो तसा. लहानपणी मी त्यावर बोट दाबून विचारायचो, दुखतं का? तुम्ही म्हणायचात, "नाय रे. तिथं नवरी बसायची." साहेबाचा थंडीतला दौरा निघाला की पाटलाचा माणूस आपल्या पाड्यात हाळी देत येई, आणि हातातलं काम टाकून घरटी एकानं वेठीला जायचं. मजुरी नाही, भाकरी ज्याची त्यानं आणायची. मला तो एक दिवस अजून दिसतो. रानशेतच्या आंबराईतला मुक्काम उठलाय, तंबू दवानं भिजून दुप्पट जड झालाय, त्याचं गाठोडं दांडीला बांधलंय आणि तुम्ही चौघं ते उचलताय. मी बांधावर उभा आहे. तुमची मान वाकडी झालीय, कपाळावरची शीर फुगलीय, आणि तुम्ही मला डोळा मारून ओरडताय, "नवरी चालली रे! बाजूला व्हा!" घरी आल्यावर तुम्ही आईला ती नवरी रंगवून सांगायचात. स्वतः पाऊल टाकत नाही, चौघांनी न्यायची, पाण्यात भिजली की फुगून बसते, आणि मुक्कामाला पोचली की तिला आधी उभी करायची, मग आपण पाणी प्यायचं. आई हसत हसत खांद्याला तेल चोळायची. मला फार उशिरा कळलं की तेल आणि हसणं ही दोन्ही औषधंच होती.

दुसरा दिवस आपल्या चुलीपाशीचा. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती, वेठ गेली होती, आणि मला नुकतीच ही नोकरी लागली होती. पहिला दौरा करून मी घरी आलो. आईनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं होतं. मी खाकी कपडे न काढताच जेवायला बसलो, कारण ते काढावेसे वाटत नव्हते. पाड्यावर माझी कशी बडदास्त ठेवली ते मी सांगत होतो. कोंबडी कापली, आणि निजायला तर त्यांनी आपलं घरच मोकळं करून दिलं.

तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही विचारलंत, "ती माणसं कुठं निजली?"

"अंगणात."

"पोरंबाळं?"

"तीही अंगणातच. शेकोटी होती ना."

"थंडी होती?"

"होती," मी म्हणालो.

तुम्ही घास ताटात ठेवलात. तुम्ही आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही आईकडे बघून म्हणालात, "तुझा लेक ढोरांना सुई टोचाय गेला आनी मानसांना टोचून आला." आई म्हणाली, "जेवू द्या त्याला." तुम्ही म्हणालात, "जेव की. आपल्या घरात आहे, जेव. निज पण इथंच, कुनी बाहेर जानार नाय." आणि मग तुम्हाला स्वतःचंच हसू आलं. त्या हसण्यानं माझी सुटका झाली, आणि मी उठून खाकी सदरा काढून ठेवला.

पुढे काही दिवस तुम्ही मागच्या दारी बसून खैराचं लाकूड तासत होतात. मला वाटलं कोयत्याला मूठ करताय. एक दिवस तुम्ही गोणपाटात बांधलेल्या मेखा माझ्यापुढे ठेवल्यात. तंबूच्या मेखा, गुळगुळीत, टोकाला जरा जाळून कडक केलेल्या. साहेबाच्या तंबूच्या कितीतरी मेखा तुम्ही ठोकल्या होत्या, तेव्हा त्या कशा असाव्यात हे तुमच्या हाताला पाठ होतं. मी म्हणालो, "बाबा, माझ्याकडे तंबू कुठे आहे?" तुम्ही म्हणालात, "तो होईल कधीतरी. मेखा आताच घे, मी आसेन-नसेन. पन एक सांगतो. ज्याचा तंबू त्याच्या खांद्यावर. दुसऱ्याच्या खांद्यावरनं आला तर माझ्या मेखा त्याला लावू नको." पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मेखा माळ्यावर राहिल्या.

त्यानंतर मी पाड्यावर कुणाच्या घरात निजलो नाही. पण नाही म्हणणं सोपं नसतं, पाड्यावरच्या माणसांना नकार फार लागतो. म्हणून मी एक थाप शोधून काढली. मी सांगायचो, मी घोरतो, आणि माझं घोरणं ऐकून गाई पान्हा चोरतात. ढोरांचा डॉक्टरच सांगतोय म्हटल्यावर कोण अविश्वास दाखवणार? मग मला मोहाच्या, नाहीतर आंब्याच्या झाडाखाली, गोठ्यांपासून लांब, गवत पसरून मिळायचं. ही कीर्ती तलासरीपासून रानशेतपर्यंत पोचली. एकदा डहाणूच्या बाजारात एका अनोळखी बाईनं तुमच्या सुनेला विचारलं, "त्या घोरणाऱ्या डागतरची बायको तूच काय?" ती घरी येऊन म्हणाली, "इतकी वर्षं मी ऐकतेय, पण माझं काही कुणी विचारत नाही."

आता काका. तलासरीच्या वरच्या अंगाला, जिथे गाडीवाट संपते आणि पुढे चढ लागतो, तिथे डोंगराच्या खांद्यावर एक पाडा आहे. काका तिथला जाणता म्हातारा. त्याच्यापुढे माझी थाप चालली नाही. मला त्यानं झाडाखाली निजू दिलं, पण स्वतः शेजारी शेकोटी पेटवून बसला. मला वाटलं बसेल थोडा आणि जाईल. पहाटे डोळा उघडला तेव्हा तो तिथेच, गुडघे छातीशी घेऊन, निखारे उकरत होता. प्रत्येक मुक्कामाला असंच. मी आत गेलो तर त्याचं सगळं घर बाहेर, कारण एका खोलीत कणगी, कोंबड्या आणि नातवंडं. मी बाहेर राहिलो तर तो बाहेर. थंडी कुणीतरी सोसायचीच, आणि ती माझ्यापायी. गेल्या कार्तिकात त्याचा खोकला असा वाढला होता की शेकोटीजवळ बसून तो मोळी हलावी तसा हलत होता. मी उठून म्हणालो, "काका, घरात जा. मला बाहेर निजायची सवय आहे."

"तुला हाय," तो म्हणाला. "मला नाय."

"कसली?"

"पावना उघड्यावर टाकून आत निजायची."

"आणि मी माझं घर बरोबर आणलं तर?"

तो इतका हसला की खोकला थांबेना. "पाठीवर घर? गोगलगाय हायस काय?"

"आणलं तर जाल ना आत?"

त्यानं विचार केला. आपल्याकडची माणसं अशा वेळी उगाच हो म्हणत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. "घर असंल तर जाईन," तो म्हणाला. "पावना त्याच्या घरात, मी माझ्या घरात, मग कसली आडकाठी? पन मी बघीन. पावना बसत नाय ते घर नव्हं, ते बीळ."

त्याच्या छातीकडे बघून मला कळत होतं की आणखी एक थंडी त्यानं अशी बाहेर काढायची नाही. मला दुसरीकडे मुक्काम करता आला असता असं कुणी म्हणेल. पण मग त्या पाड्याची गुरं राहिली असती, आणि बुळकांड्या एका पाड्याला सोडून दुसऱ्याला लागतो असं थोडंच आहे? म्हणून परत आल्या आल्या मी इराणी शेठांच्या वाडीवर गेलो. लढाई संपल्यावर मुंबईत लष्कराचं सामान विकायला निघालं होतं, तेव्हा शेठांनी तंबूंचा ढीग आणला होता, चिकूच्या पेट्या झाकायला. "बेस नी, डिकरा," ते म्हणाले. या वयातही मी त्यांचा डिकराच, पोरगाच. "चाय पी. पछी तंबू जो." म्हणजे आधी चहा, मग तंबू.

पहिला तंबू बाहेर काढायला वाडीतले चार माळी लागले. दुहेरी कापडाचा, बाजूंना कनाती, मधोमध माणूस उभा राहील एवढा. शेठ त्याच्याकडे बघून म्हणाले, "आ तंबू नथी, हवेली छे. आत टेबल ठेव, खुर्ची ठेव, काकाला खुर्चीवर बसव." मी म्हणालो, "शेठ, हा वर नेणार कोण?" ते म्हणाले, "तू सरकारी माणूस. पाड्यावर सांग, चार पोरं आनंदानं उचलतील, ना कोण म्हणणार?" बाबा, ते अगदी प्रेमानं बोलत होते आणि त्यांचं खरंही होतं, पोरांनी आनंदानंच उचलला असता. पण माझा हात आपोआप माझ्या उजव्या खांद्यावर गेला. मी म्हणालो, ही नवरी नको. शेठना काही समजलं नाही. त्यांना वाटलं मी दुसऱ्या लग्नाची गोष्ट करतोय, आणि ते मनापासून घाबरले.

दुसरा तंबू विमानातून उडी मारतात त्या छत्रीच्या कापडाचा. शेठनी तो मुलाच्या सहलीसाठी शिवून घेतला होता. इतका तलम की मुठीत मावावा. मी हरखलो आणि तोच घरी आणला. संध्याकाळी अंगणात लावला, आत कंदील ठेवला आणि धोतर बदललं. बाहेर आळीतली सगळी पोरं जमून टाळ्या का पिटताहेत हे मला कळेना. तुमची सून धावत येऊन म्हणाली, "अहो, दिवा घालवा! सगळं दिसतंय!" त्यातूनही मी तो ठेवला असता. पण सकाळी माझ्याच श्वासाचं पाणी कापडाला आतून धरलं होतं आणि थेंब थेंब मानेवर पडत होतं. काकाला घरात पाठवायचं आणि आपण न्हाऊन खोकला घ्यायचा, यात काही शहाणपण नव्हतं. तो परत गेला. त्यानंतर आणला तो तिसरा, ज्यात माझे पाय बाहेर राहिले.

त्या सकाळी हसून झाल्यावर तुमची सून तंबूच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि तिनं मला साधी गोष्ट विचारली. "इतके दिवस तुम्ही वजनच बघताय. काका काय म्हणाले होते?" ते वाक्य मीच तिला येऊन सांगितलं होतं. पण उचलण्याच्या नादात बसण्याचं विसरून गेलो होतो. तुमचं ऐकता ऐकता काकाचं ऐकायचं राहिलं. तंबू एकट्यानं वाहता येईल एवढा हलका हवा आणि त्यात दोघांना मांडी घालता आली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या अंगावर येतात, आणि मी एकीलाच धरून बसलो होतो. मी देवापुढे हात जोडून, मला जमेना, तूच बघ, असं म्हणून पुन्हा वाडीवर गेलो.

चौथा तंबू तिथे होताच, पण तो तंबू आहे हे शेठही विसरले होते. शिपायांसाठी केलेला, दोन अर्ध्यांचा. प्रत्येक शिपायानं एक अर्धा वाहायचा आणि मुक्कामाला दोन अर्धे वरच्या कण्याशी गुंड्यांनी जोडायचे. एक अर्धा चिकूच्या पेट्यांवर होता. दुसरा शेठांच्या म्हाताऱ्या कुत्र्याखाली होता. मी तो मागितला तेव्हा शेठ म्हणाले, "कूतरो रिसाई जशे." कुत्रा खरंच रुसला. माझ्या मागे फाटकापर्यंत भुंकत आला. मी शेठना म्हणालो, ज्यात मी धोतर बदलताना सगळ्यांना दिसलो तो छत्रीच्या कापडाचा तंबू याला द्या. आता तो त्यावर निजतो म्हणे.

तुमच्या सुनेनं दोन्ही अर्धे रिठ्याच्या पाण्यात धुतले, कुत्र्याचा वास गेला तरी आणखी एकदा धुतले. मी शिवणींवर मेण चोळलं. सायकलवाल्याकडून दोन बांबू मधोमध कापून नळीत बसवून आणले, म्हणजे खांब अर्धे होऊन बांधता येतात. तिसऱ्या प्रहरी आम्ही तो उभा केला. चहा घेऊन दोघं आत मांडी घालून बसलो. डोक्यावर वीतभर जागा उरली, गुडघे लागत होते, पण बसलो. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, वेगळं घर आज मिळालं." चहा निवेपर्यंत आम्ही बाहेर आलो नाही.

डोशीवर बांधायची एक कथा वेगळीच. पहिल्यांदा मी सगळं गाठोडं मागे आडवं बांधलं. आशागडच्या वळणावर बांबूचं टोक एका म्हशीच्या शिंगात अडकलं. म्हैस शांत उभी राहिली, मी मात्र खाली आलो. म्हशीचा धनी म्हणाला, "डॉक्टर, सुई टोचा, खांब कशाला?" मग ध्यानात आलं की दोन अर्धे आहेत तर दोन बाजूंना लावावेत. डावीकडे एक, उजवीकडे एक, बांबू टाकीच्या कडेनं उभे, थर्मास छातीशी. डोशी अशी तोलात चालू लागली की कावड घेतलेल्या माणसासारखी तिला चाल आली.

आणि बाबा, परवा मी गेलो. निघताना महालक्ष्मीचा अंगारा कपाळाला लावला, थोडा पुडीत घेतला. गाडीवाट संपली तिथे डोशीला मोहाला टेकवून ठेवली. दोन्ही अर्धे एकावर एक गुंडाळून पाठीवर बांधले. चढाला लागलो तोच वरून पाड्यातले तरणे उतरत आले. "द्या डागतर, द्या इकडं!" एकानं तर गाठोड्याला हात घातला. मी म्हणालो, "नको, माझं मी नेतो." "आमी काय मेलो?" "मेला नाहीत म्हणूनच. उद्या गुरं धरायला जोर ठेवा." ते माझ्या पुढेमागे चालत राहिले, माझी टर उडवत. डागतरला मूळव्याध झाली म्हणून बसवत नाय, चालतोय. डागतर घर सोडून आला, बायकोनं हाकललं. दम लागला तसा मी थांबायचो आणि तेही थांबायचे. पट्टा उजव्या खांद्यात रुतत होता. खोटं सांगणार नाही, दुखत होतं, आणि आनंद होत होता.

काका पाड्याच्या तोंडाशी उभा होता. त्यानं गाठोड्यातून डोकावणारी बांबूची टोकं बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. त्यानंही उमेदीत वेठ केलेली. "तंबू?" तो म्हणाला. "तंबू आला म्हंजे खांदा आला. कोनी वाह्यला?" तरण्यांकडे त्यानं असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरले.

"मी," मी म्हणालो.

"झूट."

"आमाला इचारा. हात लावू देत नाय हा," एक पोर म्हणाला.

काकानं गाठोडं माझ्या पाठीवरून उतरवून स्वतः उचलून बघितलं. एका हातानं, मग दुसऱ्या. मग हळूच आपल्या खांद्यावर ठेवून बघितलं, जिथं पूर्वी ठेवत असेल तिथे. "हा काय तंबू?" तो म्हणाला. "ही तर पोरगी." आणि खाली ठेवलं.

मी त्याच्या अंगणापलीकडे, आंब्याजवळ तंबू उभा केला. तो लांब बसून बघत होता, मदतीला उठला नाही, आणि ते मला बरं वाटलं. दारात मी अंगाऱ्याची चिमूट सोडली. मग त्याच्याकडे गेलो आणि रीतसर म्हणालो, "काका, घरी या." तो उठला, पागोटं सारखं केलं, वाकून आत आला आणि मांडी घातली. मी समोर बसलो. गुडघ्याला गुडघा लागला. मी त्याला चहा दिला, गूळ घातलेला. त्यानं कापडाला हात लावून बघितला, कण्याकडे बघितलं, चहा संपवला आणि कंबरेच्या कनवटीतून तांदळाचे चार दाणे काढून दाराशी ठेवले, नव्या घराला ठेवतात तसे. "बसतं," तो म्हणाला. "घर हाय."

मग तो बाहेर गेला, आणि मी त्याला त्याच्या घरात शिरताना बघितलं. कुडाचं दार लोटलेलं बघितलं. थोड्या वेळानं त्याचा खोकला ऐकू आला, पण भिंतीपलीकडून, आपल्या माणसांतून, अंथरुणातून. मी आडवा झालो. पाय पूर्ण आत होते.

हे तुम्हाला धाडायचं कुठे, ते मला माहीत नाही. पण एक सांगून टाकतो, नाहीतर सुनेकडून कळेल तुम्हाला. तुमच्या खैराच्या मेखा फार जड आहेत, बाबा. सगळ्या घेतल्या असत्या तर तंबूपेक्षा त्यांचंच ओझं झालं असतं, आणि ओझं तर माझं मलाच न्यायचं होतं. म्हणून बाकी लोखंडी सळीच्या करून घेतल्या. तुमच्या फक्त दोन नेल्या, दाराच्या. काका आत येताना त्यांतल्या एकीला हात टेकवून वाकला.